चटईच्या कोपऱ्याची लोकर

तोमासी, तुझ्या चटईच्या एका कोपऱ्याला लोकर नाही. तीन कोपऱ्यांना लाल-निळी झालर आहे, चौथा बोडका. दात येत होते तेव्हा माझ्या मुलीने ती चघळून चघळून काढली. हे तुला सांगायचं राहून गेलं. दोन-तीन महिन्यांनी एकदा तू विचारायचास, "चटाई कइसा है?" आणि मी म्हणायचो, "एकदम नया." खोटं बोलायचो. तू दिलेली वस्तू आम्हाला सांभाळता आली नाही, असं तुला वाटेल म्हणून. एवढीशी गोष्ट तुला सांगू शकलो नाही, तर बाकीचं कुठून सांगणार होतो?

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. घरी पत्र लिहितो, तेवढंच माझं लिहिणं, आणि त्यातही 'इकडे सर्व ठीक' याच्या पुढे फार जात नाही. त्याच पॅडवर हे लिहितोय. आपण हिंदीत बोलायचो, पण हे मला हिंदीत लिहिता येणार नाही. तुला मराठी वाचता येत नाही हे एका अर्थी बरं. की आता येतं?

दुबईला, जबल अलीत आलो तेव्हा फिजी नावाचा देश आहे हेच मला माहीत नव्हतं. गोडाऊनच्या गेटवर केबिनमध्ये तू बसला होतास. कुरळे केस कानाजवळ पांढरे झालेले, हात माझ्या मांडीएवढे. मी फाटकात पाऊल टाकलं आणि तू म्हणालास, "राम राम भाई, कइसे?" मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण बोललं म्हणून. मग कळलं, तुमच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत काम करायला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपली माणसं नेली होती, आणि तू त्यांच्या नातवंडा-पतवंडांबरोबर खेळत वाढलास. पुढे फौजेत गेलास, लेबनॉनमध्ये शांतिसेनेत राहिलास, तिथून इथे गेटवर. तुझी ती हिंदी! 'काय'ला तू 'कोंची' म्हणायचास आणि आमचे बिहारी लोडर हसून लोळायचे. तू पण त्यांच्याबरोबर हसायचास, पोट धरून.

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. तुझ्या डोक्यावरच्या फळीवरून रजिस्टर काढलं आणि जाता जाता गंमत म्हणून तुझ्या केसांवर थोपटलं. तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. संध्याकाळी बसची वाट बघताना म्हणालास, "भाई, सिर को हाथ नहीं. सिर ऊपर का चीज है. उसके ऊपर से कुछ लेना है तो पहले 'तिलोऊ' बोलो." मी इतका घाबरलो की पुढचे चार दिवस मागच्या रॅम्पवरून आत गेलो. मी असाच आहे. पाचव्या दिवशी तूच रॅम्पवर आलास, माझा हात धरलास. "हम एक दफे बोला, खलास. तुम काहे चोर के माफिक आता?"

मग बसमध्ये माझं लक्ष गेलं. तू चढलास की मधल्या वाटेने जवळजवळ ओणवा होऊन मागे जायचास आणि दोन्ही बाजूंना "तिलोऊ, तिलोऊ" म्हणायचास. बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं उंच जातंय, म्हणून माफी. बसलेले कोण, तर आम्ही. लोडर, झाडूवाले, पॅकिंगवाले. तोवर आयुष्यात आमच्यापुढून कुणी वाकून गेलेलं नव्हतं. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर सगळे पाय आत घ्यायला लागले, तुला वाट नीट मिळावी म्हणून.

शुक्रवार आठवतात. तुमच्याकडे मुळीची पूड पाण्यात कालवून, गोल बसून पितात. ती इथे कुठली मिळायला? तू काळ्या सुलेमानी चहावर भागवलंस. पण करवंटीतच द्यायचा. घेणाऱ्याने आधी एक टाळी वाजवायची, चहा एका दमात संपवायचा, मग सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या. साधी टाळी चालायची नाही. ओंजळ पोकळ करून वाजवायची, म्हणजे आवाज खोल येतो. मला आठवडाभर जमली नाही. "तुम तो मच्छर मारता," असं म्हणायचास.

आणि अळू. मी देवगडकडचा. माझ्यासमोर तू अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलीस तेव्हा मला माझ्या घरात बसल्यासारखं वाटलं. तू लोखंडी पट्टी स्टुलाला ठोकून खवणी केली होतीस आणि तिच्यावर आमच्या बायका बसतात तसाच बसून खोबरं खवायचास. भांडण एकच. मी म्हणायचो, आमसूल घाल, नाहीतर घसा खाजेल. तू म्हणायचास, ठीक से पकाओ, नहीं खुजाएगा. दर शुक्रवारी तेच. एकदा तुझी पाठ वळल्यावर मी गुपचूप चार आमसुलं टाकली. तू खाल्लंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "आज कोई चोर आया था किचन में." तो वाद अजून मिटलेला नाही, तोमासी. माझं म्हणणं अजून आमसूल घालावं असंच आहे.

दुसरा वाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तू मागायचास. चप्पल दे, साबण दे, तुझा तो निळा शर्ट दे. मला सुरुवातीला राग यायचा. एवढा धिप्पाड माणूस, पगार माझ्याहून बरा, आणि हात पसरतो! मग दिसलं की तुझ्याकडेही लोक मागतात आणि तू एकालाही नाही म्हणत नाहीस. माझा निळा शर्ट पुढच्या आठवड्यात एका नेपाळ्याच्या अंगावर होता. तू म्हणालास, याला आमच्याकडे 'केरेकेरे' म्हणतात. आपल्या माणसाकडे मागायचं, आणि आपल्या माणसाने मागितलं तर द्यायचं. त्यात लाज कसली?

मी म्हणालो, "आमच्याकडे मागणं म्हणजे लाचारी. माझ्या बापाने कधी कुणाकडे काही मागितलं नाही."

"तो लोग तुम्हार बाप को देता कइसे?"

"द्यायचं असेल त्याने द्यावं."

"नहीं भाई. तुम मांगता नहीं, तो तुम सामनेवाला का हाथ बंद कर देता."

मला पटलं नाही. बरेच दिवस आपण त्याच्यावर तंडत राहिलो. आणि त्याच काळात तू एक दिवस सुपरवायझरपुढे जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, हा माणूस माल उचलतो, याला फोर्कलिफ्ट शिकवा. माझ्यासाठी मागितलंस. मला न विचारता. मी आज फोर्कलिफ्टवर बसतो, माझ्या पाठीचं दुखणं गेलं, ते तू मागितलंस म्हणून. आणि त्याच फोर्कलिफ्टची नोकरी जाईल या भीतीने मी पुढे जे केलं...

थांब. आधी चटई.

दीड वर्षापूर्वी मी पहिल्या सुट्टीवर निघालो होतो. मुलगी सहा महिन्यांची, मी तिला फोटोतच पाहिलेली. निरोप घ्यायला तुझ्या खोलीवर आलो. तू खाली चटई अंथरून बसला होतास. आमच्याकडच्या केवड्यासारख्याच झाडाच्या पानांची, इतकी बारीक विणलेली की हाताला कापडासारखी लागत होती. मी सहज म्हणालो, "काय सुंदर आहे रे! पोरगी यावर मस्त लोळेल." तू उठलास, चटई गुंडाळलीस, दोरी बांधलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. मी नको नको म्हणत राहिलो. तू म्हणालास, "बेबी ने मांगा. तुम बीच में मत आओ."

मी नेली. नेताना खूश होतो, हेही सांगतो. ती तुझ्यासाठी काय आहे हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

आता त्या मंगळवारचं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तू गोडाऊनमध्ये आलास. मी पॅलेटवर बसून डबा खात होतो. तू माझ्यासमोर खाली सिमेंटवर बसलास. मांडी घालून, माझ्यापेक्षा खाली. आणि पोकळ ओंजळीने तीन टाळ्या वाजवल्यास. एरवी तू साबण मागायचास तो असाच, चालता चालता. बसून, टाळी वाजवून तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. मला कळलं होतं, तोमासी. मला तेव्हाच कळलं होतं की हे मोठं मागणं आहे. मला कळलं नव्हतं असं मी आज सांगितलं तर ते खोटं होईल.

तू म्हणालास, छातीत दोन दिवस दगड ठेवल्यासारखं वाटतं, डावा हात जड होतो. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल.

मी म्हणालो, "तुला तर इंग्लिश येतं. मी येऊन काय करू?"

"कुछ नहीं करना. बैठना. हमारे यहां बीमार आदमी अकेला नहीं जाता."

मी म्हणालो, "कल नहीं, तोमासी. कल चार कंटेनर है. सुपरवायझर छुट्टी नहीं देगा, चिल्लाएगा. तुम जाके आओ ना."

तू थोडा वेळ माझ्या डब्याकडे बघत बसलास. मग म्हणालास, "ठीक है, भाई. विनाका." तुमच्या भाषेतलं थँक्यू. मी नाही म्हणालो आणि तू मला थँक्यू म्हणालास. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतलास. मी जेवण पूर्ण केलं.

बुधवारी तू दवाखान्यात गेला नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "अब अच्छा है." आणि मला हायसं वाटलं. किती पटकन हायसं वाटलं मला!

गुरुवारी सकाळी गेटवर ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता आणि दांडा वर जात नव्हता. मीच आलो बघायला, तुला चिडवायला. म्हटलं, झोपला वाटतं फौजी. तू खुर्चीत बसला होतास. टोपी गुडघ्यावर. डोकं एका बाजूला कललेलं. ते सरळ करायला मी हात पुढे केला आणि थांबलो. "तिलोऊ," म्हणालो. मग केलं. ट्रकवाला बाहेर शिव्या देत होता.

शनिवारी वामे आला, अबू धाबीहून. तुझ्या आत्याचा मुलगा, तोही तिकडे गार्ड. तुझ्यासारखाच धिप्पाड, पण तुझ्यासारखा हसरा नाही. त्याने तुझी ट्रंक उघडली, सगळं बाहेर काढलं, परत आत ठेवलं, परत बाहेर काढलं. मग मला विचारलं, "उसका चटाई किधर?"

मी विचारलं, कुठली चटई?

वामेने सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. तुमच्याकडे मूल जन्मलं की चटईवर घेतात, लग्न चटईवर लावतात आणि माणूस जातो तो चटईतच जातो. घरच्यांनी विणलेल्या. तू फौजेत भरती झालास तेव्हा आईने ही विणली होती. तिचे डोळे आता अधू झालेत, परत एवढं बारीक काम तिच्याने होत नाही. वामे म्हणाला, "बूढ़ी फोन पर एक ही बात पूछती. चटाई में लपेटा कि नहीं? हम क्या बोले? लकड़ी पर नंगा जाएगा?"

कागदपत्रं बुधवारपर्यंत होणार होती, पेटी गुरुवारी सकाळच्या विमानात. आणि चटई देवगड तालुक्यात, माझ्या दोन वर्षांच्या मुलीच्या अंगाखाली.

मी वामेला म्हणालो, "मेरे पास है. आ जाएगा." कसं, ते मला माहीत नव्हतं.

त्या चार दिवसांत मी जेवढं मागितलं तेवढं आख्ख्या आयुष्यात मागितलं नव्हतं. गावी शेजारच्या दुकानात फोन लावून बायकोला बोलावून घेतलं. सुजाताने सगळं ऐकून घेतलं. मागे पोरगी रडत होती. मी म्हणालो, तिला त्या चटईशिवाय झोप लागत नाही, माहीत आहे मला.

"पोरीक चादर घालीन मी," ती म्हणाली. "त्येंचा ता त्येंका जाऊक व्हया. कोणाकडे देऊ, ता सांगा."

कुणाकडे? मी कुणालाच ओळखत नव्हतो. रविवारी सकाळच्या बसमध्ये मी उभा राहिलो. अडीच वर्षं त्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून गप्प बसणारा माणूस. मोठ्याने म्हणालो, "बुधवार तक इंडिया से कोई आ रहा है क्या? तोमासी का सामान लाना है." आधी कुणीतरी म्हणालं, "अरे, ये बोलता भी है?" मग मागून एक रत्नागिरीचा पेंटर म्हणाला, "माझा मेहुणा येतोय मंगळवारी, मुंबईवरून." मग पुढच्या सीटवरचा म्हणाला, माझ्याकडे फोनचं कार्ड आहे, घे. तो नेपाळी उठून म्हणाला, हम गाड़ी का इंतजाम करेगा. बंद झालेले हात एकेक करून उघडत होते, तोमासी, आणि तू बघायला नव्हतास.

सुजाता पोरीला कडेवर घेऊन एसटीने मुंबईला गेली. कधी एकटी गेली नव्हती. विमानतळाच्या दारात पेंटरच्या मेहुण्याला नावाने हाका मारत उभी राहिली. मंगळवारी रात्री तो बिचारा चटई खांद्याला लावून आमच्या खोलीवर आला. म्हणाला, "सगळ्या विमानात मला योगावाले बाबा म्हणून चिडवलं. घ्या एकदाची."

पण चटई तुझ्या पेटीपर्यंत न्यायची म्हणजे बुधवारी मला सुट्टी हवी होती. सकाळी सुपरवायझरच्या टेबलापुढे उभा राहिलो. चार नाही, त्या दिवशी सहा कंटेनर होते. मी म्हणालो, "साब, आज छुट्टी चाहिए. तोमासी के लिए."

त्याने मान वर केली. "जाओ. यल्ला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. उभाच राहिलो.

"क्या हुआ? जाओ ना."

"साब... पिछले बुधवार को मांगता तो देते?"

"देता. तुमने कभी मांगा क्या?"

हे मला आता रोज ऐकू येतं. फोर्कलिफ्टच्या आवाजात, बसमध्ये, जेवताना. एवढंच होतं. टेबलापर्यंत वीस पावलं आणि दोन शब्द. मी ती वीस पावलं तुझ्यासाठी चाललो, पण तू गेल्यावर.

मी आणि वामे शवागारात पोचलो तेव्हा पेटी बंद झालेली होती. पेट्या बांधणारा एक म्हातारा सुदानी होता. "खलास, हबीबी," तो म्हणाला. "सील हो गया. नहीं खुलेगा." वामे त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोलला, अंगावर धावून गेला, मग भिंतीला टेकून रडायला लागला. तेवढा मोठा माणूस.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी जमिनीवर बसलो, त्या म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत, चटई समोर ठेवली आणि ओंजळ पोकळ करून तीन टाळ्या वाजवल्या. पहिली मच्छर मारल्यासारखी झाली. पुढच्या दोन बरोबर. वामे माझ्याकडे बघत राहिला. मग तोही शेजारी येऊन बसला आणि त्याने वाजवल्या. ती खोली घुमली.

म्हातारा बराच वेळ आम्हा दोघांकडे आणि चटईकडे बघत होता. मग म्हणाला, "अंदर नहीं. बाहर." पेटीवर जे गोणपाट शिवतात, त्याच्या खाली. मी एक टोक धरलं, वामेने दुसरं, पेटीला चटई गुंडाळली. म्हाताऱ्याने वरून गोणपाट चढवलं आणि दाभणाने शिवायला घेतलं. घाई केली नाही त्याने. तो बोडका कोपरा मी तुझ्या पायांकडे घेतला, कुणाला दिसू नये म्हणून. वामेने तो पाहिलाच; पोरीने चघळला, एवढं त्याला सांगितलं.

पेटीबरोबर वामे गेला. मध्ये दोन विमानं बदलायची होती. कुठे कुणी कापून काढली तर, कस्टमवाल्यांनी टाकून दिली तर, या विचाराने मला दहा दिवस अन्न गेलं नाही. काल दुपारी गोडाऊनच्या ऑफिसात फोन आला. वामे ओरडून बोलत होता, लाइन खराब होती.

चटई पोचली. गोणपाट तुझ्या आईने स्वतः उसवलं. पेटीखाली, मातीवर, सगळ्यात आधी तीच अंथरली. पण त्याआधी म्हातारीने दिसत नाही म्हणून बोटांनी चारही कोपरे चाचपले. चौथ्यावर थांबली. हे काय झालं, विचारलं. वामेने सांगितलं, इंडियात एक छोटी मुलगी आहे, तिने खाल्लं. त्यावर म्हणे ती हसली. त्या दिवसांत पहिल्यांदा. मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं, दात आले का विचारलं. आणि आता पानं वाळत घातलीत तिने. डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी विणणार आहे. सानिकासाठी चटई.

तिला कुणी सांगितलेलं नाही, तोमासी. वामेलाही मी सांगितलेलं नाही. चटई आणणारा चांगला माणूस, एवढंच त्यांना माहीत आहे. तिचा मुलगा माझ्यासमोर खाली बसला होता आणि मी डबा खात 'नाही' म्हणालो, हे त्या बेटावर कुणालाही माहीत नाही. ती अधू डोळ्यांची बाई माझ्या मुलीसाठी विणत बसली आहे आणि मी तिला थांब म्हणू शकत नाही, आणि खरं काय ते सांगूही शकत नाही. तू असतास तर तुलाच विचारलं असतं, काय करू.

आता खोलीत कुणी नाही, सगळे ड्यूटीवर गेलेत. मी खाली फरशीवर बसलोय. टाळ्या वाजवल्या, तीन, पोकळ ओंजळीच्या. बरोबर वाजल्या या वेळी. तुला ऐकू गेल्या असतील तर माझंही एक मागणं आहे, आणि आपल्या माणसाने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हे तूच शिकवलंस.

त्या मंगळवारी मागितलंस ते एकदा परत माग.